तळाला काहीबी टाका

आमच्या घरात दखनी बोलतात. प्रेम, भांडण, आजारपण सगळं दखनीत होतं. पण कुणाची लायकी काढायची असली की मला मराठीच लागते. शाळेपासूनची सवय आहे. म्हणून हे मराठीत लिहितेय.

मी वेबसाईट बनवते. येरमाळ्यात हायवेला लागून माझ्या मोठ्या भावाचं मोबाईलचं दुकान आहे, त्याच्या मागं आमचं घर. पुढं भाई मोबाईलला काचा बसवतो, येडेश्वरीच्या यात्रेला आलेल्या लोकांना चार्जर आणि कव्हर विकतो. मागच्या मधल्या खोलीत मी लॅपटॉप घेऊन बसते. 'येथे वेबसाईट बनवून मिळेल' असं भाईनंच दुकानाच्या पाटीवर लिहून घेतलंय. ती पाटी नीट वाचून लोक आत येतात आणि विचारतात, "आधार लिंक करून देता का?" नाही म्हटलं तर "मग सातबारा तरी काढून द्या." तेही नाही म्हटलं की तोंड वाकडं. "मग करता तरी काय दिवसभर?"

पाहुण्यांचं तर विचारूच नका. माझी एक मामी दर वेळी अम्मीला सांगते, "पोरगी घरीच असती, बरंय, घरकामाला होती." मी समोर चार तास कीबोर्डवर मान मोडत असते तरी मी 'घरीच असते'. बाहेर जाऊन दुसऱ्याच्या दुकानात नुसती बसले असते तर त्याला नोकरी म्हणाले असते.

खरं गिऱ्हाईक आलं तर त्याची आणखी तऱ्हा. आत येऊन पहिला प्रश्न, "सर कुठायत?" मी म्हणते, साईट मीच बनवते. तर ते माझ्या खांद्यावरून मागं बघतात. सर माझ्या मागं दडून बसला असंल असं त्यांना वाटतं की काय, अल्लाच जाणे. शेवटी भाईला दुकान सोडून आत यावं लागतं. मग त्यांचा जीव भांड्यात पडतो. प्रश्न भाईला, उत्तर मी द्यायचं, आणि मी दिलेल्या उत्तरावर मान डोलवून ते भाईला म्हणणार, "बराबर हाय तुमचं, शेठ."

भाईला वेबसाईटमधलं ओ का ठो कळत नाही. माणूस भला आहे, हातात कसब आहे, फुटलेली काच अशी बसवतो की ओळखू येत नाही. पण गिऱ्हाईकापुढं त्याच्या तोंडातून दोनच शब्द निघतात, "होऊन जाईल." गिऱ्हाईक म्हणालं पानावर फुलं पडताना दिसली पाहिजेत, होऊन जाईल. साईट उघडली की सनई वाजली पाहिजे, होऊन जाईल. आजवर दोन लाख लोकांनी साईट बघितली असा आकडा पहिल्याच दिवशी पाहिजे, तेही होऊन जाईल. ते दोन शब्द मला एकदा उसाच्या चरकात घालून पिळायचेत.

आणि उसावरून आठवलं. हंगाम लागला की कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्या इतक्या उंच भरतात की रस्त्यावरून आडवी गेलेली इंटरनेटची केबल वरचेवर तुटते. केबलवाल्याला फोन करावा तर म्हणतो, "ऊस उंच भरला व्हता." त्यानं केबल धोतर वाळत घालायच्या दोरीएवढ्या उंचीवर बांधली होती, हे कधी बोलायचा नाही. पण एक आहे, आमच्याकडं कुठलंही काम अडलं आणि 'ट्रॉलीनं केबल तोडली' एवढं सांगितलं, की विषय संपतो. पुढं कुणी विचारत नाही. आमदार असो की मास्तर, सगळे मान डोलवतात.

तर अशा रीतीनं मी पेढ्याच्या दुकानाची, ट्रॅक्टरवाल्याची, लॉन्सवाल्याची, बऱ्याच जणांची कामं केली. पैसे मिळाले, ती तक्रार नाही. तक्रार ही की प्रत्येक साईटच्या तळाला, जिथं बनवणाऱ्याचं नाव असतं, तिथं भाईच्या मोबाईल शॉपीचं नाव आहे. गिऱ्हाईकाला तेच विश्वासाचं वाटतं म्हणे. मी काही बोलले नाही, कारण तोवर त्यानं माझं काही बिघडलं नव्हतं.

मग बिघडलं. पुण्यातल्या एका कंपनीला घरबसल्या काम करणारी माणसं पाहिजे होती. मी अर्ज केला. तिथल्या मॅडम व्हिडिओवर बोलल्या, अर्धा तास नीट प्रश्न विचारले, आणि त्या अर्ध्या तासात त्यांनी एकदाही भावाला बोलवा म्हटलं नाही. मला कसंतरीच झालं, खरं सांगते. डोळ्यात पाणी यायचं तेवढं राहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं वाटतंय. पण हे सगळं एका मोबाईल शॉपीच्या नावावर दिसतंय. तुमच्या नावानं चालू असलेली एक तरी साईट दाखवा, मग पुढं बोलू." त्यांचं काय चुकलं? मोबाईल शॉपीचं नाव दाखवून उद्या कुणीही उठेल आणि हे मी केलंय म्हणेल. एक साईट, तळाला माझं नाव. एवढंच पाहिजे होतं.

त्याच सुमाराला एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष दुकानात आले. इथून जवळच त्यांचं कॉलेज आहे, गाव सांगत नाही. पांढरे कपडे, मागं चार माणसं, त्यातला एक नुसता मोबाईल धरायला. त्यांना कॉलेजची साईट पाहिजे होती. मी भाईला आधीच दम दिला होता, की या वेळी अट मी घालणार. घातली. "साईटच्या तळाला माझं नाव राहील."

अध्यक्षांनी पहिल्यांदाच माझ्याकडं बघितलं आणि हसले. "तळाला व्हय? तळाला काहीबी टाका. वर आमचे फोटो नीट घ्या म्हंजे झालं."

कॉलेजची साईट म्हटल्यावर माणसाला वाटेल, अभ्यासक्रम, प्रवेश, निकाल, वसतिगृह. छे! महिनाभर आमचं सगळं बोलणं फोटोंवर चाललं. त्यांना साईट चौकातल्या फ्लेक्ससारखी पाहिजे होती. वर दिल्लीचे, मग मुंबईचे, मग जिल्ह्याचे, मग अध्यक्ष हात जोडून, आणि सगळ्यांत मोठा फोटो त्यांच्या चिरंजीवांचा, गॉगल लावलेला. चिरंजीव 'युवा नेते' होते. कशाचे नेते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण वाढदिवसाला चौक झाकून टाकायचे.

फोटोंच्या क्रमावरून जिल्ह्यातले दोन पुढारी रुसले. पहिला कोण, हा प्रश्न. मी म्हटलं, एकामागून एक फोटो फिरत ठेवते. तर म्हणाले, फिरताना पहिला कोण येतो? मग मी अशी सोय केली, की साईट उघडताना दर वेळी वेगळा फोटो पहिला येईल. दोघंही खूश झाले. चार दिवसांनी दोघांचे कार्यकर्ते एकाच टपरीवर चहाला बसले आणि मी तपासायला पाठवलेली कच्ची साईट आपापल्या मोबाईलवर एकमेकांना दाखवू लागले. भांडण एवढं पेटलं की चहावाल्यानं शटर ओढलं. मला फोन आला, "ताई, तुम्ही दोन साईटी बनवल्या का काय?" गाढवाला गुळाची चव काय! प्रवेशाचा फॉर्म मोबाईलवरनं भरता यावा म्हणून मी जीव काढला होता, मुलींना एसटीनं दोन-दोन खेटे घालायला लागू नयेत म्हणून. तो फॉर्म त्यातल्या एकानंही उघडून बघितला नाही.

साईट झाली. तळाला बारीक अक्षरात माझं नाव लागलं, अब्बांच्या नावासकट. मी मॅडमना कळवलं, आठवड्यात लिंक पाठवते. कारण लिंक चालू करायची नव्हती म्हणे, आधी लोकार्पण सोहळा होणार होता. वेबसाईटचं लोकार्पण! रस्त्याचं ऐकलं होतं, पाण्याच्या टाकीचं ऐकलं होतं. पण पक्षाचे मुंबईचे वरिष्ठ यायचे होते, मंडप पडायचा होता. वरिष्ठांनी कळ दाबल्याशिवाय साईट जन्माला कशी येणार?

सोहळ्याच्या आधी अध्यक्षांच्या पीएचा फोन आला. अर्थात भाईला. भाई आत आला, दारातच उभा राहिला.

"तुझं नाव काढायला सांगायलेत."

"कोण?"

"युवा नेत्यांचं टाकायचंय. 'संकल्पना व निर्मिती' म्हणून. वरिष्ठांना दाखवायचंय, पोरानं स्वतः बनवली म्हणून. पुढं तिकिटाचं काहीतरी आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसाला स्वतःचा पासवर्ड आठवत नाही म्हणून आठवड्यातून दोनदा भाईच्या दुकानात यावं लागतं, त्याची निर्मिती! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी भाईला सांगितलं, सांग त्यांना होणार नाही. तुला मॅडमचं माहीत आहे. हे नाव गेलं तर माझ्याकडं दाखवायला काय उरतंय?

भाई खाली बघत म्हणाला, "सगळं कळतंय मला. पण आपल्याला इथंच दुकान चालवायचंय. काढ."

"तू त्यांना 'होऊन जाईल' म्हणालास ना?"

तो वळून दुकानात गेला. म्हणजे म्हणाला होता. मी नाव काढलं, त्या गॉगलवाल्याचं टाकलं, आणि त्या दिवसापासून भाईशी बोलणं बंद केलं. ताट पुढं सरकवायची, पण एक शब्द नाही. अम्मीनं विचारलं काय झालं, दोघंही म्हणालो काही नाही.

सोहळ्याच्या दिवशी मला बोलावणं होतं, पण पाहुणी म्हणून नव्हे. कॉलेजच्या हॉलमध्ये स्टेजवर मोठा पडदा, बाजूला फुलांनी मढवलेला एक स्टूल, त्यावर लाल मखमलीचा खोका आणि खोक्यावर कळ. डेकोरेशनवाल्यानं घरच्या बेलचं बटण बसवलं होतं. मी खोका उचलून बघितला तर त्याला वायरच नव्हती. पीए म्हणाला, "वायर कशाला? वरिष्ठ हिकडं दाबतेत, तुम्ही तिकडं दाबा."

तिकडं म्हणजे स्टेजवरच्या फ्लेक्सच्या मागं. तिथं एक प्लास्टिकची खुर्ची, माझा लॅपटॉप, आणि बघायला फ्लेक्सच्या शिवणीत एक फट. सगळ्या फोटोंची उलटी बाजू माझ्याकडं होती. वरिष्ठांनी बटण दाबलं की मी एन्टर दाबायचं, की पडद्यावर साईट उघडणार. हीच आमच्याकडची रीत आहे. उद्घाटन कुठलंही असो, दाबणारा पुढं असतो आणि करणारा मागं.

फटीतून हॉल दिसत होता. पुढं कोचावर मानाची माणसं, मागं कॉलेजची पोरंपोरी, आणि कडेला साऊंडवाल्याच्या टेबलाशी भाई उभा. दुकान बंद ठेवून आला होता. मी त्याच्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण फटच एवढी होती की त्यातून तोच दिसत होता.

निवेदक उठले. मराठीतली सगळी विशेषणं संपेपर्यंत बोलले. मग म्हणाले, "आजच्या तरुणांनी आदर्श घ्यावा असे आपले युवा नेते! रात्रीचा दिवस करून, कुणाचीही मदत न घेता, ही वेबसाईट त्यांनी एकट्यानं, स्वतःच्या हातानं बनवली आहे!" गॉगल कपाळावर सारून चिरंजीव उठले, चारी दिशांना हात जोडले. टाळ्या.

'स्वतःच्या हातानं' ऐकलं आणि मी माझा हात कीबोर्डवरून उचलला. ठरवून वगैरे काही नव्हतं. मनात म्हटलं, हातानं बनवलीस ना, आता हातानंच चालू कर.

वरिष्ठांनी कळ दाबली. डेकोरेशनवाल्याच्या माणसानं चमकीचे कागद उडवले, सनई वाजली. पडदा निळाच. वरिष्ठांनी पुन्हा दाबली. कागद संपले होते. त्यांनी तिसऱ्यांदा अंगठ्यानं जोर देऊन दाबली, तरी पडदा निळाच. फ्लेक्सच्या पलीकडून पीए फुसफुसला, "ताई, ताई." मी मांडीवर हात ठेवून बसून राहिले. खोटं कशाला बोलू, मजा येत होती.

वरिष्ठ जुने, मुरलेले. ते हसत माईकवर म्हणाले, "अरे, बनवणारा समोरच बसलाय की! या दादा, तुमच्याच हातानं होऊ द्या."

चिरंजीव स्टेजवर आले. बटण दाबलं. खोका हलवला. मग त्यांनी खोका उचलला आणि खालून बघितलं. वायर नाही! हे त्यांना तेव्हा कळलं. मागच्या पोरींनी ओढण्या तोंडाला लावल्या. निवेदकानं घाईघाईत माईक त्यांच्या हातात दिला होता, तो तसाच धरून ते फ्लेक्सकडं वळले आणि दात-ओठ खात बोलले, "ओ ताई, दाबा की! झोपलाव का काय?"

सगळ्या हॉलला ऐकू गेलं. छत उडेल असं पोरं हसली.

वरिष्ठांनी विचारलं, "कोण ताई?"

"कुणी न्हाय साहेब, ऑपरेटर हाय," चिरंजीव म्हणाले.

तेव्हा भाई पुढं आला. साऊंडवाल्याच्या टेबलावरचा माईक त्यानं उचलला तर त्या शहाण्यानं तेवढ्यात आवाज बंद केला. भाईनं माईक ठेवून दिला आणि नुसत्या घशानं बोलला. आयुष्यात चार माणसांत कधी बोलला नव्हता, आवाज चिरकला त्याचा.

"ऑपरेटर न्हाय साहेब. माझी बहीण हाय. साईट तिनं केलीय. ह्यांना येत न्हाय, मला बी येत न्हाय. ह्याच्या आधीच्या बी सगळ्या तिनंच केल्या, नाव माझ्या दुकानाचं लागायचं."

आणि त्यानं माझं नाव सांगितलं. माझं, अब्बांचं, आडनाव, पूर्ण. पुढच्या दोन ओळींना ऐकू गेलं असेल, मागं नाही. पण मला नीट ऐकू आलं.

अध्यक्ष रुमालानं मान पुसत होते. मी लॅपटॉप पुढं ओढला. चहात साखर ढवळायला लागतो तेवढ्या वेळात गॉगलवाल्याचं नाव काढलं, माझं टाकलं आणि एन्टर दाबलं. पडद्यावर साईट उघडली. एकामागून एक सगळे फोटो फिरू लागले, टाळ्या पडल्या, वरिष्ठ झाल्या गोष्टीवर पांघरूण घालत म्हणाले, "चला, मुहूर्त लागला." चिरंजीव गॉगल डोळ्यांवर ओढून खाली जाऊन बसले. लिंक मी तिथूनच पुण्याला मॅडमना पाठवून दिली.

आता भाषणं सुरू होणार होती, आणि मागं ते फोटो दिसत राहावेत अशी सगळ्यांची इच्छा होती. पण पडदा माझ्या हातात होता. मी पान सावकाश खाली न्यायला लागले. फोटो वर गेले. प्रवेशाचा फॉर्म आला, वसतिगृह आलं, एसटीच्या वेळा आल्या. मग तळ आला. अक्षर वाढवलं आणि तिथंच थांबले.

पीए वाकून फ्लेक्सच्या मागं आला, घामानं भिजलेला. "ताई, वर घ्या, वर घ्या! फोटो दिसंना गेलेत."

"अडकलंय," मी म्हटलं. "ट्रॉलीनं केबल तोडली असंल."

त्यानं मान डोलवली. खरंच डोलवली, आणि हे सांगायला तो अध्यक्षांकडं गेला, आणि अध्यक्षांनीही डोलवली.

वरिष्ठ पुष्कळ वेळ बोलले. त्यांच्या डोक्यावर त्या सबंध पडद्यावर माझं नाव होतं. ऐकणारी पोरं काय वाचत होती मला ठाऊक नाही. फटीतून मला भाई दिसत होता. एवढीशी एक ओळ, पण भाषण संपून लोक उठले तरी तो मान वर करून ती वाचत उभा होता.